शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे सांगणारा शहाणा कोण?





आमच्या लोकांत एक म्हण आहे. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.' ती पारावर ऐकावी, बाजारात ऐकावी, लग्नाच्या मांडवात ऐकावी. आणि जो ती बोलतो तो अशी मान डोलावून बोलतो की जणू पोथीतले वाक्यच सांगत आहे. ऐकणाराही मान डोलावतो आणि विषय तेथेच मिटतो. परंतु या म्हणीस एक प्रश्न आजवर कोणी विचारला नाही, तो आज आम्ही विचारतो. ही म्हण पाळतो कोण? आणि ती न पाळता तिच्यावर पोट भरतो कोण?

सावकार ही म्हण पाळतो काय? त्याची तर महिन्यातून चार वेळा तालुक्याच्या कोर्टात फेरी असते. शेजाऱ्याच्या शेतात दरसाल एक तास जास्त नांगर घालणारा पाळतो काय? तो आधी वकील पाहून ठेवतो आणि मग धुरा कोरतो. हप्त्यावर गाडी आणि यंत्र देणारी कंपनी पाळते काय? तिचा तर पगारी वकील असतो. मेलेल्या भावाच्या बायकोचा हिस्सा गिळून बसलेला दीर पाळतो काय? तो तिला मात्र गोड बोलून सांगतो, 'वहिनी, घरची गोष्ट घरात मिटवू, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये!' मग पाळतो कोण? पाळतो तो चार एकर कोरडवाहूचा धनी. पाळतो तो सुतार, लोहार, कुंभार, चांभार. पाळते ती दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाणारी विधवा. म्हणजे ज्यास रक्षण पाहिजे तो पायरीखाली उभा, आणि ज्याच्यापासून रक्षण पाहिजे तो पायरीवर बसलेला! बंधूंनो, याला शहाणपण म्हणावे की कपाळकरंटेपण, हे तुम्हीच ठरवा.

आम्ही वाशिम जिल्ह्यातील एका खेड्यात मराठी शाळेचे मास्तर आहो. खेड्यातील मास्तराचे काम शाळेची घंटा झाल्यावर संपत नाही. कोणी बँकेचा कागद आणतो, कोणी पीकविम्याची पावती आणतो, कोणी मुलाचा दाखला आणतो, आणि ज्याचे दैव फिरले तो कोर्टाचा कागद आणतो. गेल्या साली सोयाबीन काढण्याच्या दिवसांत एका संध्याकाळी आमच्या गावचे सुतारबुवा पिशवीत कागदांची चळत घेऊन आले. मागे त्यांची घरधनीण डोळ्यांस पदर लावून उभी. सुतारबुवा म्हणाले, 'मास्तर, एवढं वाचून सांगा बापा. उद्या हत्यारं नेतो म्हनते.'

हकीकत अशी. मुलीच्या लग्नाकरिता सुतारबुवांनी एका गृहस्थाकडून व्याजाने रक्कम घेतली आणि कोऱ्या मुद्रांकावर सही करून दिली. पुढे थोडेथोडे करून पैसे फेडले. पावती एकाचीही घेतली नाही. त्या गृहस्थाने 'आम्ही हातउसने दिले होते' असे म्हणून दावा लावला. बेलीफ समन्स घेऊन दारात आला, तेव्हा पारावरच्या शहाण्यांनी सल्ला दिला की कागद घेऊच नको, कागद घेतला नाही म्हणजे केस लागत नाही. सुतारबुवांनी हात मागे घेतला. बेलीफाने 'घेण्यास नकार' असा शेरा मारला, एक प्रत दारास चिकटवली आणि तो निघून गेला. पोरांनी ती प्रत फाडून पतंगास लावली. दीड वर्षाने हुकूमनामा झाला, मग दरखास्त झाली, आणि धनकोने दाखविलेल्या जिनसांच्या यादीत रंधे, करवती, पटाशा आणि विजेवर चालणारे करवतीचे यंत्र असे सारे नोंदले गेले.

निकालाची प्रत नऊ पानांची आणि इंग्रजीत! आमचे इंग्रजी अध्यापक विद्यालयातले, म्हणजे पाठ घेण्यापुरते. शब्दकोश पुढे घेऊन दोन रात्री बसलो तेव्हा अर्थ लागला, आणि अर्थ लागल्यावर मनास चटका बसला. त्या नऊ पानांत सुतारबुवा लबाड आहेत असे न्यायाधीशाने कोठेही म्हटलेले नाही. पैसे फेडले ही गोष्ट खोटी, असेही म्हटलेले नाही. एवढेच म्हटले आहे की प्रतिवादीस समन्स लागले असता तो हजर झाला नाही, आणि वादीचे म्हणणे कोणी खोडले नाही. म्हणजे आमचा सुतार खोटा म्हणून हरला नाही. तो शहाणा म्हणून हरला! त्याने म्हण पाळली.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची आहे. समन्स घेण्यास नकार दिला तर ते लागले असेच न्यायालय समजते. समन्स लागल्यापासून ३० दिवसांत प्रतिवादीने आपली कैफियत द्यावयाची. न्यायालयाने सवड दिली तर ९० दिवसांपर्यंत. कोणी आलेच नाही तर दावा एकतर्फी चालतो. एकतर्फी हुकूमनामा झाला तरी तो रद्द करावा असा अर्ज ३० दिवसांत करता येतो. समन्स रीतसर लागलेच नसेल तर हुकुमाची माहिती झाल्या दिवसापासून ३० दिवस. उशीर झाला असेल तर उशिराचे सबळ कारण दाखवून माफी मागावी लागते. इतक्या खिडक्या कायद्याने उघड्या ठेवल्या आहेत, आणि आम्ही काय करतो? डोळे मिटून घेतले म्हणजे ऊन लागत नाही असे समजतो.

आणि याच कायद्याचे ६० वे कलम आमच्या प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहे. हुकूमनाम्याच्या वसुलीकरिता कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. शेतकऱ्याची शेतीची अवजारे जप्त करता येत नाहीत. पोट भरण्यास न्यायालयाला जरूर वाटतील तेवढी जनावरे आणि बियाणे जप्त करता येत नाही. शेतकरी स्वतः राहतो ते घर, अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, आणि स्त्रीने धर्माच्या रीतीप्रमाणे अंगावरून उतरवू नये असा दागिना, यांस हात लावता येत नाही. ते घर किंवा ती जिन्नस त्याच कर्जास तारण लिहून दिली असेल तर गोष्ट निराळी. ५६ व्या कलमाप्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यापायी कोणत्याही स्त्रीस दिवाणी तुरुंगात घालता येत नाही. हे शतकाहून जुने कायदे आहेत. पण आमच्या आळीत ते आजवर कोणी आणून सांगितले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुतारबुवांस घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे गेलो. तेथे फुकट वकील मिळाला. तरुण मुलगी होती, शेतकऱ्याचीच लेक. तिने दोन अर्ज केले. पहिल्या अर्जावर हत्यारे यादीतून निघाली. दुसरा, एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा, अजून चालू आहे. त्यात उशीर माफ होईल की नाही हे न्यायालय ठरवील. पण त्या दिवशी कोर्टाच्या आवारात सुतारबुवा आम्हांस म्हणाले ते आमच्या कानांत बसले आहे. ते म्हणाले, 'मास्तर, इथं तं मानसंच बसले हायेत.' पन्नाशी उलटलेल्या मनुष्यास न्यायालयात माणसे बसतात हे त्या दिवशी कळले! त्यापूर्वी त्यांस तेथे काय बसते असे वाटत होते कोण जाणे.

म्हणून, बंधूंनो आणि भगिनींनो, आज आपण त्या पायऱ्या एकेक करून मोजू. मोजलेल्या पायरीवर पाय घसरत नाही.

पहिली पायरी तालुक्याची. तेथे जो न्यायाधीश बसतो तो एकच मनुष्य बहुधा दोन टोप्या घालतो. पैशाचा, शेताचा, घराचा, वाटणीचा तंटा ऐकतो तेव्हा तो दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. साधारणपणे ५ लाख रुपये किमतीपर्यंतचे दावे त्याच्याकडे लागतात. मारामारी, चोरी असले गुन्हे चालवितो तेव्हा तोच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे त्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड करता येतो, आणि काही लहान गुन्ह्यांत समाजसेवेची शिक्षाही देता येते. पोलिसांनी कोणास धरले तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्यास दंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे. हा राज्यघटनेच्या २२ व्या कलमाचा हुकूम आहे, कोणा साहेबाची मेहेरबानी नव्हे.

दुसरी पायरी वरिष्ठ स्तराची. तेथील दिवाणी न्यायाधीशास रकमेची मर्यादा नाही. फौजदारीत मुख्य न्यायदंडाधिकारी ७ वर्षांपर्यंत कैद सांगू शकतो.

तिसरी पायरी जिल्हा व सत्र न्यायालयाची, ती वाशिमास आहे. खालच्या दिवाणी निकालांवर जिल्हा न्यायाधीशापुढे अपील होते. मुदत ३० दिवस. खून, दरोडा असले भारी खटले सत्र न्यायाधीश चालवितो. त्यास कायद्यातील कोणतीही शिक्षा देता येते, मात्र फाशी दिली तर उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज ती अमलात येत नाही. दंडाधिकाऱ्याने शिक्षा दिली तर तिच्यावरही येथेच दाद मागतात. या पायरीची थोरवी आमच्या चळवळीच्या माणसांस सांगायला नको. १९२५ साली दिनकरराव जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' निघाले. त्यावरून खटला होऊन जवळकर, केशवराव जेधे यांस खालच्या कोर्टात शिक्षा झाल्या. १९२६ साली पुण्याच्या सत्र न्यायालयात बॅरिस्टर आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि सारे निर्दोष सुटले. खालच्या पायरीवर ठेच लागली म्हणून ते लोक म्हण आठवीत घरी बसले असते तर?

चौथी पायरी उच्च न्यायालयाची. आमच्या वऱ्हाडाकरिता मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपुरास आहे. वाशिमाहून अडीचशे किलोमीटरांहून दूर. जिल्ह्यातील साऱ्या न्यायाधीशांवर ताबा त्याच उच्च न्यायालयाचा, मंत्र्याचा नव्हे आणि कलेक्टराचाही नव्हे. राज्यघटनेचे २३५ वे कलम तसे सांगते. म्हणून 'अमक्या आमदाराची चिठ्ठी आणतो, निकाल फिरवून देतो' असे म्हणून कोणी तुमच्याकडे पैसे मागेल तर त्यास दारातूनच परत लावावा.

आता येथे एक घोटाळा आहे, त्यात आमचे अर्धे लोक बुडतात. तहसील म्हणजे कोर्ट नव्हे. तहसीलदार हा महसूलाचा अधिकारी. शेताचा रस्ता अडविला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली ६ महिन्यांच्या आत त्याच्याकडे दाद मागता येते, ती गोष्ट वेगळी. परंतु सातबारावर फेरफार झाला म्हणजे मालकी झाली असे नाही. मालकीचा तंटा दिवाणी न्यायालयानेच मिटवावयाचा असतो. आमचा मनुष्य फेरफाराकरिता तहसीलीचे उंबरे झिजवतो, आणि तिकडे प्रतिपक्ष दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम घेऊन वावरात पेरणी करतो. इंग्रजी अमलात महसूल गोळा करणारा अंमलदार तोच दंडाधिकारी, तोच फिर्याद ऐकणार आणि तोच शिक्षा सांगणार, अशी सोंगे होती. १९७३ ची फौजदारी संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, तिने न्यायदंडाधिकारी आणि कार्यकारी दंडाधिकारी देशभर वेगळे केले. कायद्याने वेगळे केले. आमच्या डोक्यात मात्र अजून सारी एकच कचेरी आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, ही म्हण उगीच नाही पडली. आमच्या बापजाद्यांनी कोर्टात जमिनी घालविल्या म्हणून पडली. खरे आहे! ते आम्ही नाकारीत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा कोर्टकचेऱ्यांतील कारकुनांनी अडाणी कुणब्यास कसे नागविले हे त्यांनी चव्हाट्यावर आणले. त्यापूर्वी १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावापासून शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांचे रोखे व हुकूमनामे हिसकून जाळले. त्या काळी शेतकऱ्यावरील बहुतेक दावे एकतर्फीच निकालात निघत, कारण शेतकरी कोर्टात येतच नसे. त्या उठावामुळे १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागला. आणि रोख्याच्या मागे जाऊन मूळ रक्कम किती, व्याज किती हे पाहण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. आजही २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याप्रमाणे सावकाराजवळ परवाना होता अशी खात्री झाल्याशिवाय न्यायालयाने त्यास हुकूमनामा देऊ नये असा नियम आहे. परंतु सावकार 'मी सावकार नाही, हातउसने दिले' असे म्हणेल, तेव्हा ते खोटे आहे असे सांगण्यास समोर कोणी नको काय? न्यायाधीश पारावर येऊन बसत नाही. त्यास तुमच्या आळीतील व्याजाचे दर स्वप्नात दिसत नाहीत.

तेव्हा म्हणीचे मूळ खरे. पण त्यातून धडा घेतला तो उलटा. बापाने अक्षर न कळता कोर्टात जाऊन जमीन घालविली, तर मुलाने काय शिकावे? अक्षर शिकावे, की कोर्ट टाळावे? विहिरीत बाप बुडाला म्हणून मुलाने पोहणे शिकू नये, असे कोणी सांगितले तर तुम्ही त्यास वेडा म्हणाल. येथे मात्र त्याला शहाणा म्हणता!

आणि पायरी चढून काय होते हे पाहावयाचे असेल तर महाडास चला. १९२७ सालच्या मार्चात चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्या हजारो माणसांनी आपल्या हातांनी घेतले. त्याच साली डिसेंबरात दुसरी परिषद भरणार तोच सनातनी मंडळींनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला की तळे आमचे खाजगी आहे, आणि १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. पाहा, पायरी प्रथम कोण चढले! डॉ. आंबेडकर त्या दाव्यात प्रतिवादी होते. त्यांनी समन्स नाकारले नाही, हुकूम मोडला नाही. त्या वेळी तळ्यावर जाणे थांबविले आणि त्याच कोर्टात उभे राहून लढले. १९३१ साली महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. १९३३ साली ठाण्यास अपील फेटाळले गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही तेच कायम केले. दहा वर्षे लागली. ती लागावयास नको होती हेही आम्ही म्हणतो. पण पहिल्या दिवशी 'कोर्टाची पायरी नको' असे म्हणून ते घरी बसले असते, तर चवदार तळे सनातन्यांची खाजगी मालमत्ता आहे असाच एकतर्फी हुकूमनामा आज दप्तरात असता. ज्याच्याहून शहाणा मनुष्य या शतकात आम्ही पाहिला नाही, तो पायरी चढला. आता म्हणीचे काय करावयाचे?

परंतु साराच दोष आमच्या लोकांच्या पदरी बांधून न्यायखात्यास मोकळे सोडावे, इतके आम्ही भोळे नाही. पायरी चढा म्हणतो. पण पायरी माणसाच्या पायाजोगी आहे काय?

वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ साली येथे सापडला. तो चौथ्या शतकातला मानतात. त्यात राजाच्या वंशाची थोरवी संस्कृतात आहे, पण देणगीचा प्रत्यक्ष हुकूम प्राकृतात, म्हणजे लोकांच्या बोलीत आहे. दान ब्राह्मणांस गेले ही गोष्ट सोडून द्या. पण सोळाशे वर्षांमागच्या राजास एवढे कळत होते की मिरवायचे ते संस्कृतात मिरवावे आणि हुकूम लोकांस समजेल असा लिहावा. पुढे निजामी आली, फारसी आली. आजही आमच्या तोंडी अर्ज, दावा, फिर्याद, जप्ती, वकील हे शब्द त्याच घरचे आहेत. मग इंग्रजी आली. फारसी गेली, इंग्रज गेला, पण निकालाची भाषा अजून इंग्रजीच्या पाळण्यातून उतरत नाही.

कायदा याच्याविरुद्ध आहे, हे लक्षात ठेवा. आमचा वाशिम जिल्हा अकोल्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा निघाला. आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेस महाराष्ट्र सरकारने अधिसूचना काढली की उच्च न्यायालयाखालील न्यायालयांची भाषा, काही अपवाद सोडून, मराठी राहील. जिल्हा आणि हुकूम एकाच महिन्याची जुळी भावंडे! जिल्ह्याचा कारभार उभा राहिला; हुकूम मात्र पुष्कळ निकालपत्रांत अजून रांगतच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा मान मिळाला, तेव्हा ढोल वाजले. ढोल वाजले त्याच्या दुसऱ्या सालीच आमच्या सुताराच्या हाती इंग्रजीची नऊ पाने होती. ज्याचे घर निकालाने बसते किंवा उठते त्यास तो निकाल वाचता येऊ नये, या गोष्टीस न्याय म्हणावयाचे असेल तर अंधारात मोजलेल्या पैशास हिशेब म्हणावे लागेल. आमच्या मानोरा, मंगरूळपीरकडील तांड्यांची गत याहून कठीण. बंजारा म्हातारीची बोली गोरमाटी. आरोपीस न समजणाऱ्या भाषेतला पुरावा त्यास समजणाऱ्या भाषेत उघड न्यायालयात सांगितला पाहिजे, असा फौजदारी प्रक्रियेचा नियम आहे. तो नियम मागून घ्यावा लागतो; मागणारा कोण?

दुसरी गोष्ट अंतराची. २००८ साली ग्राम न्यायालय कायदा झाला, २ ऑक्टोबर २००९ पासून तो अमलात आला. पंचायत समितीच्या ठिकाणी न्यायाधिकारी बसावा, त्याने वेळोवेळी गावोगाव फिरावे, दावा ६ महिन्यांत मिटवावा, अशी त्यात तजवीज. परंतु राज्याने अशी न्यायालये स्थापावीतच असे न म्हणता 'स्थापता येतील' असे म्हटले. त्या एका शब्दाच्या आधारे सरकारे निजली. आमच्या राज्याने काही ठिकाणी ती काढली. पण प्रत्येक पंचायत समितीत ती उभी राहणे दूरच राहिले. दारूची दुकाने गावात येतात, मोबाइलचे मनोरे गावात येतात, मते मागणारे तर उन्हातान्हात येतात. न्यायाधीशानेच तेवढे गावात येऊ नये काय?

काही वकील मंडळी आमच्यावर रागावतील की हा मास्तर लोकांस भांडणे शिकवितो. त्यांस आमचे उत्तर असे. भावाभावांनी वीतभर धुऱ्यासाठी दोन पिढ्या कोर्टात घालवाव्यात, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. त्या भांडणात शेत वकिलाचे होते आणि भावांच्या वाट्यास तारखा येतात. तडजोड होत असेल तर लोक अदालतीत करा. तेथे फी नाही, आधी भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते, आणि तेथील निवाडा हुकूमनाम्यासारखाच असून त्यावर अपील नाही. पण त्याचमुळे तेथेही समजून सही करा. न समजता केलेल्या सहीने आमचे किती वाटोळे झाले हे काय नव्याने सांगावे? आमचे म्हणणे एवढेच की दावा लावणे तुमच्या खुशीचे असेल, पण समन्स आल्यावर जाणे खुशीचे नाही. आणि सारेच वकील वाईट असेही आम्ही म्हणत नाही. आमच्या सुताराची हत्यारे एका वकिलानेच सोडविली.

पैसे नाहीत ही सबबही आता पुरती चालत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि अटकेत असलेला मनुष्य यांस मिळकत न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. इतरांस महाराष्ट्रात वर्षाची मिळकत ३ लाख रुपयांच्या आत असली म्हणजे मिळतो. मागावयाचा कोठे? तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते; अर्ज साध्या कागदावर मराठीत लिहावा. आपल्या केसची पुढची तारीखही आता कारकुनाच्या हातावर नोट ठेवून विचारण्याची गरज नाही. प्रत्येक केसला १६ अक्षर-अंकांचा सी.एन.आर. क्रमांक असतो, तो मोबाइलवर घातला की तारीख दिसते. घरातील सातवीतली पोर ते काम करील.

आता शेवटचे. आमचे मागणे तीन ठिकाणी आहे. न्यायखात्याकडे हे की १९९८ चा हुकूम पाळा. निकाल मराठीत द्या, निदान इंग्रजी निकालाबरोबर मराठी प्रत हातात द्या. सरकारकडे हे की ग्राम न्यायालये कागदावरून उतरवून पंचायत समितीगणिक उभी करा. आणि आपल्या लोकांकडे हे की दिवाणी न्यायाधीशाची परीक्षा लोकसेवा आयोग घेते. कुणब्याच्या, सुताराच्या, मांगाच्या, तांड्यातल्या मुलीने तेथे बसावे, त्या खुर्चीवर कोणाचे नाव कोरलेले नाही.

तोवर प्रत्येक घराने एवढे करावे. बेलीफ आला तर त्यास पाणी द्यावे आणि कागद घ्यावा. सही करताना तारीख घालावी. कागद चुलीमागे खोचू नये, पोथीत ठेवू नये. त्याच दिवशी वाचणाऱ्याकडे न्यावा. वाचणारा नसेल तर शाळेत आणावा, मास्तर वाचून देईल. तेवढ्याकरिताच लोकांच्या पैशाने तो शिकला आहे. कोऱ्या मुद्रांकावर सही करू नये. फेडलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. आणि ज्या दिवसाची तारीख असेल त्या दिवशी, वावरात कितीही काम असो, तालुक्यास जावे.

म्हणीचे बाकी काय करावे ते आमच्या शाळेतील मुलांनीच ठरविले. ही हकीकत वर्गात सांगितली तेव्हा सुतारबुवांच्या नातवाने फळ्यावर म्हण लिहिली आणि तिच्यातले शेवटचे 'नये' हे दोन अक्षर पुसून त्या जागी 'च' लिहिले. वाचा आता: शहाण्याने कोर्टाची पायरी चढूच! व्याकरण चुकले म्हणून आम्ही गुण कापावयास हवे होते. कापले नाहीत.

आपला,
मराठी शाळेचा एक मास्तर
जिल्हा वाशिम